गांवाचें शहाणपण आणि तज्ज्ञाचें शास्त्र
(नभोवाणीवरील भाषण)

जमीन, पाणी आणि रानांतले जीव यांचें रक्षण कोणीं करावयाचें, या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे दोन प्रकारें देण्यांत येतें. एक पक्ष म्हणतो, हें काम सरकारचें आणि शास्त्रज्ञांचें. गांवच्या माणसाला त्यांतलें काय कळतें? दुसरा पक्ष म्हणतो, गांवकऱ्यांना सर्व कांहीं कळतें. शहरांतून आलेल्या पंडितांनीं त्यांत लुडबूड केली नाहीं म्हणजे झालें. गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रांत या बाबतींत जे प्रयोग झाले त्यांच्याकडे पाहिलें असतां, हे दोन्ही पक्ष अर्धेच खरे आहेत असें दिसून येतें. केवळ शास्त्र गांवांत शिरलें तर बांध उभे राहतात, पण अडविलेलें पाणी कोणाचें यावर तंटे माजतात. केवळ सदिच्छा असली तर घाम पुष्कळ गळतो, पण चर उताराच्या दिशेनें खणले गेले तर पहिल्याच पावसांत माती वाहून जाते. जेथें दोहोंची गांठ पडली तेथेंच कांहीं टिकाऊ असें घडलें आहे. ही गांठ कशी पडते आणि ती कशानें सुटते, एवढेंच आज आपल्यापुढें मांडण्याचा माझा विचार आहे. मी कांहीं शास्त्रज्ञ नव्हे; भूगोल आणि अंकगणित शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें असा एक शिक्षक आहें. तेव्हां माझ्या विवेचनांत थोडा भूगोल आणि थोडें अंकगणित येईल, त्याबद्दल आपण रागावूं नये.

प्रथम भूगोल. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरास वर्षाकांठीं ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशें किलोमीटर गेलें कीं हाच आंकडा ५०० च्या घरांत येतो. डोंगराच्या आड पडलेल्या या मुलखाला आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतों. तेथला पाऊसही चार महिने संथपणें पडत नाहीं. थोड्या दिवसांत, किंबहुना थोड्या तासांत, तो येतो आणि उघड्या माळावरची माती घेऊन निघून जातो. आतां जमिनीखालीं पाहूं. महाराष्ट्राच्या सुमारें चार पंचमांश भूभागाखालीं ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला काळा पाषाण थरावर थर रचून ठेवल्यासारखा पसरला आहे. या पाषाणाचा वरचा झिजलेला, मुरमाड आणि भेगांचा भाग पाणी धरतो. खालचा अखंड खडक धरीत नाहीं. अशा जमिनीच्या शंभर घनमीटर आकारांतून उपसतां येण्याजोगें पाणी बहुधा एक ते तीन घनमीटर इतकेंच भरतें. गंगा-यमुनेच्या मैदानांत गाळाच्या जाड थराखालीं पाण्याचे जे मोठे सांठे आहेत, ते आपल्या वांट्यास आलेले नाहींत. आपली भूमि ही उथळ परात आहे, खोल रांजण नव्हे.

शिवाय ही परात एकट्याच्या मालकीची नाहीं. सात-बाराच्या उताऱ्यावर जमिनीच्या हद्दी काढलेल्या असतात. खडकाच्या भेगांना त्या हद्दी ठाऊक नसतात. माझ्या विहिरींत जें पाणी पाझरतें तें शेजाऱ्याच्या बांधाखालून आणि गांवच्या डोंगरावरून आलेलें असतें.

आतां अंकगणित. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात् १०,००० लिटर, पाणी पडलें. एखाद्या गांवाचें शिवार १००० हेक्टर आहे आणि पाऊस ४०० मिलिमीटर झाला असें धरा. एकंदर पाणी ४० लाख घनमीटर होतें. हा आंकडा ऐकून माणूस हरखून जातो. इतक्या पाण्याचें गांवानें करावें तरी काय, असें त्याला वाटतें. परंतु यांतलें पुष्कळसें पाणी ऊन पिऊन टाकतें, पुष्कळसें ओढ्यानाल्यांनीं निघून जातें, आणि काळ्या पाषाणाच्या मुलखांत साधारणपणें दहावा हिस्सा जमिनींत मुरतो. म्हणजे दर हेक्टरीं पोटांत गेलें केवळ ४०० घनमीटर. आतां त्या गांवांतील एका शेतकऱ्यानें एक हेक्टर ऊंस लावला. ऊंसाला वर्षभरांत सुमारें २००० मिलिमीटर, म्हणजे २०,००० घनमीटर पाणी लागतें. त्याच्या शेतावर पडलेला सर्व पाऊस त्यांतून वजा केला तरी १६,००० घनमीटर उरतात, आणि ते त्याला विहिरींतून काढावे लागतात. सोळा हजारांस चारशेंनीं भागा. भागाकार चाळीस येतो. एका हेक्टराचा ऊंस चाळीस हेक्टरांचें मुरलेलें पाणी पितो! त्या चाळिसांपैकीं एकोणचाळीस हेक्टर दुसऱ्यांचे असतात, आणि त्या दुसऱ्यांना कोणीं विचारलेलें नसतें.

या एका भागाकारांत आजचा सगळा विषय सांठलेला आहे. पाणी अडविणें हा अभियंत्याचा प्रश्न आहे, परंतु अडविलेलें पाणी वांटणें हा न्यायाचा प्रश्न आहे. आणि न्याय बाहेरून आणून देतां येत नाहीं, तो गांवानें आपसांत ठरवावा लागतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक होती. खानदेशांत पांझरा व तिच्या शेजारच्या नद्यांवर फड पद्धति म्हणून पाटबंधाऱ्यांची एक व्यवस्था कांहीं शतकें चालत आली. नदीला दगडी बंधारा घालावयाचा, पाटानें पाणी न्यावयाचें, आणि भिजणाऱ्या क्षेत्राचे फड पाडून एका फडांत सर्वांनीं एकच पीक घ्यावयाचें, दर सालीं पिकांची फेरपालट करावयाची, असा तिचा नियम होता. शेतकरी स्वतः पाण्याचें दार उघडीत नसे; गांवानें नेमलेला पाटकरी तें काम करी. तिकडे पूर्व विदर्भांत, भंडारा आणि गोंदिया या बाजूस, कोहळी समाजाच्या लोकांनीं तळीं बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. उतार कोठें आहे, पाळ कोठें घालावी आणि वाढावा पाणी कोठून काढावें, हें त्यांना जमिनीकडे पाहून समजे. ते त्या काळचे तज्ज्ञच होत. स्वातंत्र्यानंतर मालगुजारी नष्ट झाली, तें योग्यच झालें. परंतु तळ्यांची मालकी सरकारकडे गेली, देखभालीची गांवकी मोडली, आणि पुष्कळ तळीं गाळानें भरून गेलीं. तळें बांधावयास कारागीर पुरतो. तें राखावयास गांव लागतें.

आतां आपल्या काळाकडे येऊं. १९७२ सालच्या दुष्काळाची आठवण ज्यांना आहे त्यांना तो काळ वर्णन करून सांगण्याचें कारण नाहीं. लाखों माणसें दुष्काळी कामांवर खडी फोडीत होतीं. पुण्यांत कारखाना चालविणारे विलासराव साळुंखे नांवाचे एक अभियंते त्या वेळीं पुरंदर तालुक्यांत हिंडत होते. इतकीं माणसें इतके दिवस राबत असून पुढच्या वर्षाचा दुष्काळ हटविणारें काम त्यांच्या हातून होत नाहीं, या गोष्टीनें ते अस्वस्थ झाले. त्यांनीं नायगांव येथील देवस्थानची ४० एकर पडीक जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें घेतली. उताराला आडवे बांध घातले, पाझर तलाव केला, खालच्या अंगास विहीर खणली, आणि ज्या जमिनींत कुसळ उगवेना तेथें धान्य पिकवून दाखविलें. इथवरचें काम अभियंत्याचें होतें. अशीं उदाहरणें इतरत्रही सांपडतील.

साळुंख्यांचें वेगळेपण पुढें आहे. शेजारचे शेतकरी त्यांच्याकडे येऊन, आमच्याकडेही असें करा, असें म्हणूं लागले तेव्हां त्यांनीं पाण्याच्या वांटणीचा प्रश्न आधीं काढला, आणि त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे आणि स्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणांत न देतां घरांतील माणसांच्या प्रमाणांत द्यावयाचें. दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास अडीच एकरांपलीकडे नाहीं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाहीं. जमीन विकली तरी हक्क पंचायतीकडे राहावयाचा. ऊंसासारखें तहानलेलें पीक घ्यावयाचें नाहीं. ज्याला जमीन नाहीं त्या मजुरालाही पाण्यांत वांटा. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा भाग लाभ घेणाऱ्यांनीं स्वतः उभा करावयाचा. फुकट मिळालेल्या वस्तूची काळजी कोणी घेत नाहीं, हा त्यामागचा अनुभव.

श्रोतेहो, भूमिहीनाला पाण्यांत वांटा, हें वाक्य उच्चारावयास सोपें आहे. ज्याच्याजवळ तीस एकर आहेत त्याला पांच माणसांच्या घरास अडीच एकरांचें पाणी, आणि ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्यालाही तितकेंच, ही गोष्ट गळीं उतरणें किती कठीण असेल याची कल्पना करा. कांहीं गांवांनीं ती उतरविली. विलासराव २००२ सालीं वारले. राज्याच्या मोठ्या कालव्यांवर हा नियम लागू झाला नाहीं. तेथें अजून जमिनीप्रमाणेंच पाणी मिळतें. परंतु पाण्याची वांटणी माणशीं करतां येते, हें एकदां सिद्ध झालें तें कायमचें झालें.

दुसरें उदाहरण हिवरे बाजार या गांवाचें. पूर्वींच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील. १९८९ च्या सुमारास पोपटराव पवार हे तेथें सरपंच झाले. त्या वेळीं पुष्कळ कुटुंबें पोटासाठीं गांव सोडून गेलीं होतीं आणि डोंगर उघडे पडले होते. गांवानें वन खात्याच्या आणि रोजगार हमीच्या साहाय्यानें डोंगरावर समपातळीचे चर खणले, झाडें लावलीं, ओढ्यांना बांध घातले. येथेंही शास्त्राचें काम तेवढ्यावर संपलें; पुढचें काम ग्रामसभेचें. शेतीसाठीं कूपनलिका खणावयाची नाहीं. ऊंस लावावयाचा नाहीं. डोंगरावर गुरें मोकळीं सोडावयाचीं नाहींत, गवत कापून न्यावयाचें. झाडावर कुऱ्हाड चालवावयाची नाहीं. आणि या सर्वांवर कळस म्हणजे पाण्याचा ताळेबंद. पावसाळा संपला कीं यंदा पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कोठें आहे, याचीं मापें घ्यावयाचीं, त्यांतून माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी प्रथम बाजूस काढावयाचें, आणि उरेल त्यावरून रब्बीला कोणतीं पिकें किती क्षेत्रावर घ्यावयाचीं तें ग्रामसभेंत ठरवावयाचें. या कामीं राज्याच्या भूजल यंत्रणेचें शास्त्र गांवाच्या उपयोगीं पडलें. पाऊस कमी झालेल्या वर्षीं गांव आपण होऊन आपलीं पिकें आवरतें. आपल्यापैकीं प्रत्येक गृहिणी महिन्याच्या पगाराचा असाच ताळेबंद मांडते. गांवानें आभाळाच्या पगाराचा तो मांडला, इतकेंच.

तज्ज्ञाचें ज्ञान गांवाच्या हातीं कसें येतें, याचा एक साधा नमुना सांगतों. चर समपातळींत आहे कीं नाहीं हें पाहण्यास अभियंता दुर्बिणीचें यंत्र लावतो. गांवांत तें यंत्र कोठून आणावें? त्याऐवजीं दोन सारख्या लांबीच्या काठ्या माथ्यावर एकत्र बांधून त्यांचे पाय फांकवावयाचे, मधोमध एक आडवी काठी बांधावयाची, आणि माथ्यापासून दोरीला दगड लटकवावयाचा. दोन्ही पाय सारख्या उंचीच्या जमिनीवर टेकले म्हणजे दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. एका पायावर दुसरा पाय फिरवीत चालत गेलें कीं डोंगराच्या अंगावर समपातळीची रेघ उमटते. चौथ्या इयत्तेंतील मुलाला हें अर्ध्या तासांत येतें. २०१६ ते २०१९ या वर्षांत पानी फाउंडेशन या संस्थेनें वॉटर कपच्या स्पर्धा भरविल्या, तेव्हां गांवोगांवच्या स्त्रीपुरुषांना श्रमदानापूर्वीं अशाच प्रकारचें शिक्षण दिलें जात असे. आपल्या वांचून जगाचें अडूं नये इतपत ज्ञान दुसऱ्यास देऊन टाकणें, हेंच माझ्या मतें तज्ज्ञाचें खरें औदार्य आहे.

शास्त्र आहे पण करार नाहीं, अशा वेळीं काय होतें याचाही पुरावा जवळच आहे. शेततळें ही उत्तम वस्तु. पावसाचें वाहतें पाणी तीत सांठवावें हा तिचा हेतु. परंतु कित्येक ठिकाणीं या तळ्यांना प्लास्टिकचें अस्तर लावून तीं विहिरींतलें व कूपनलिकांतलें पाणी उपसून भरण्यांत आलीं. जमिनीखालीं सर्वांचें असलेलें पाणी वर आणून एकाच्या कुंपणांत ठेवलें, आणि त्यांतलें कांहीं उन्हानें उडून गेलें. अभियांत्रिकी निर्दोष आहे; पण अर्थ काय झाला? सार्वजनिक ठेव खाजगी तिजोरींत गेली. २००९ सालचा राज्याचा भूजल कायदा खोल विहिरींवर निर्बंध घालतो, तरीही कूपनलिकांचीं यंत्रें रात्रंदिवस फिरत आहेत. गांवानें मान्य न केलेला कायदा कपाटांत राहतो.

पाण्यामातीविषयीं इतकें पुरे. आतां मुक्या जीवांकडे वळूं. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें समुद्रकांठचें गांव आहे. नाना फडणविसांचें मूळ गांव म्हणून इतिहासाच्या वाचकांस तें परिचित असेल. या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कांसवांच्या माद्या हिंवाळ्यांत रात्रीच्या वेळीं वर येतात, वाळूंत हात-दीड हात खोल खड्डा करून त्यांत शंभराच्या आसपास अंडीं घालतात, वाळू सारखी करतात आणि समुद्रांत परत जातात. पुढें पिल्लांची वाट पाहावयास आई नसते. पूर्वीं हीं अंडीं माणसें उकरून नेत आणि उरलेलीं कोल्हीं-कुत्रीं खात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या कांसवांस संपूर्ण संरक्षण आहे. परंतु मध्यरात्रीं ओसाड किनाऱ्यावर कायदा कोण वाचून दाखविणार?

२००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांनीं हें काम वेळासच्या लोकांसह हातीं घेतलें. पहांटे किनारा चालावयाचा, कांसवीच्या पायांचे माग ओळखावयाचे, अंडीं हलक्या हातानें काढून कुंपणांत तशाच खोलीच्या खड्ड्यांत पुरावयाचीं, आणि सुमारें पंचेचाळीस ते साठ दिवसांनीं पिल्लें वर आलीं कीं त्यांना समुद्राकडे सोडावयाचें. माग ओळखणें हें किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाचें ज्ञान; अंडीं कोणत्या खोलीवर आणि कशीं ठेवावीं हें शास्त्रज्ञाचें. वाळूच्या उबेवर पिल्लू नर कीं मादी हें ठरतें. ऊब अधिक तर माद्या, कमी तर नर. म्हणून खड्डा उथळ झाला कीं खोल, याला महत्त्व आहे. जो पूर्वीं अंडीं काढीत होता त्याच्याइतका अंड्यांचा पत्ता कोणाला लागणार? त्याचीच विद्या राखणीच्या कामीं लावावयाची, हें यांतलें मर्म. २००६ पासून तेथें कांसव महोत्सव सुरू झाला. शहरांतलीं कुटुंबें पिल्लें पाहावयास येऊं लागलीं, गांवच्या घरांतून त्यांची राहण्याजेवण्याची सोय होऊं लागली, आणि ज्या अंड्यांना पूर्वीं बाजारांत किंमत होती त्यांना वाळूंतच किंमत आली. वन खातेंही या कामांत उतरलें, आणि किनाऱ्यावरच्या इतर गांवांनीं हा कित्ता गिरविला.

त्यापुढची हकीकत तर विलक्षण आहे. २०२१ सालीं ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनीं जिच्या अंगावर खुणेचा बिल्ला लावला होता अशी एक मादी २०२५ च्या जानेवारींत आपल्या गुहागरच्या किनाऱ्यावर अंडीं घालतांना आढळली. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरचीं कांसवें निरनिराळीं असावीत असा समज होता, त्याला तिनें धक्का दिला. बिल्ला लावणारा शास्त्रज्ञ एका समुद्राकांठीं, आणि तो वाचणारा माणूस दुसऱ्या समुद्राकांठीं. दोघांतला एक नसता तर ही गोष्ट जगाला कळली नसती.

याच्या उलट उदाहरण माळढोक पक्ष्याचें आहे, आणि तें सांगतांना वाईट वाटतें. माणसाच्या कमरेइतका उंच, उघड्या गवताळ माळावर राहणारा आणि वर्षाला बहुधा एकच अंडें जमिनीवर घालणारा हा भारदस्त पक्षी. त्याच्यासाठीं १९७९ सालीं सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत ८४९६ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य जाहीर झालें. हेतु उदात्त होता. परंतु या क्षेत्रांत शेंकडों गांवें, शेतें आणि रस्ते होते. आपली जमीन अभयारण्यांत गेली हें शेतकऱ्यास कळलें तें व्यवहारांत अडचणी येऊं लागल्यावर. पक्षी हा त्याच्या दृष्टीनें शेजारी न राहतां फिर्यादी झाला. पुढें अभयारण्याची हद्द कमी करून सुमारें १२०० चौरस किलोमीटरांवर आणावी लागली. पण तोंवर माळ नांगरले गेले, कालवे आले, विजेच्या तारा आल्या, आणि सोलापूरकडे माळढोक दिसणें हेंच नवल होऊन बसलें. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. गवताचा माळ म्हणजे ओसाड जमीन, अशी आपली समजूत असते, आणि आपण उत्साहानें तेथें झाडें लावावयास धांवतों. परंतु माळढोकाला, काळविटाला, लांडग्याला झाडांचें दाट रान नको असतें. त्यांना गवतच हवें असतें. हें आपल्याला शास्त्रज्ञच सांगूं शकतो. तेव्हां लोकांची संमति घेतली नाहीं तर काम फसतें, तसेंच शास्त्राचा सल्ला न घेतां केलेलें पुण्यकर्मही फसतें.

मग दोघांनीं एकत्र बसावें कसें? गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवानें यावर एक सुंदर तोड काढली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानें तेथें अभ्यासगट बसूं लागले. बाहेरच्या जाणकारानें गटांत यावें, आपणांस जें ठाऊक आहे तें सांगावें, गांवकऱ्यांनीं उलट प्रश्न विचारावे. परंतु निर्णय ग्रामसभा घेणार, आणि तोही बहुमतानें नव्हे, सर्वांच्या संमतीनें. ज्ञान आणि सत्ता या दोहोंची अशी फारकत केल्यामुळें पंडिताला आपलें म्हणणें मोकळेपणानें मांडतां येतें, आणि गांवकऱ्याला तें निर्भयपणें तपासतां येतें. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबू किती व कोणता तोडावयाचा हें गांव स्वतः ठरवूं लागलें. माझ्या शिक्षकी मनाला ही अभ्यासगटाची कल्पना फार मोलाची वाटते. कारण शाळेंतही, ज्या वर्गांत मुलगा उलट प्रश्न विचारतो तेथेंच कांहीं शिकणें चाललेलें असतें.

एक कडू गोष्ट मात्र राहिली, आणि ती टाळून हा विषय संपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. संवर्धनाचा खर्च सगळ्यांवर सारखा पडत नाहीं. डोंगरावर चराई बंद केली म्हणजे खालच्या बागायतदाराच्या विहिरीला पाणी वाढतें. पण ज्याच्याजवळ चार शेळ्यांवांचून दुसरें कांहीं नाहीं त्या घराची चूल त्याच दिवशीं अडते. मेंढरें घेऊन फिरणाऱ्या धनगराला तर ग्रामसभेंत बसावयास जागाही नसते. सरपण आणण्यास बाईला दोन मैल अधिक चालावें लागतें, आणि ठराव मात्र पुरुषांनीं केलेला असतो. म्हणून कोणत्याही योजनेला पहिला प्रश्न हा विचारावा कीं, हिच्यांत सोडावें लागतें कोणाला आणि मिळतें कोणाला? जो अधिक सोडतो त्याला आधीं द्यावें. भूमिहीनाला पाण्यांत वांटा देणारा पाणी पंचायतीचा नियम आणि कापलेलें गवत घरीं नेऊं देणारा हिवरे बाजारचा नियम, हे दयेपोटीं झालेले नाहींत. ज्याला कांहींच मिळालें नाहीं त्याच्या शेळ्या रात्रीं डोंगरावर जातात आणि चारांतलीं रोपें सकाळीं नसतात. हें व्यवहारी शहाणपण त्यांच्यामागें आहे.

आपण शहरांतले लोक या सर्वांपासून दूर आहों असें कोणी समजूं नये. मुंबईच्या नळाला तानसा, वैतरणा आणि भातसा यांचें पाणी येतें. पुण्याच्या नळाला खडकवासला, पानशेत आणि वरसगांव या धरणांचें. त्या धरणांच्या वरचे डोंगर ज्या गांवांच्या हद्दींत आहेत त्यांनीं ते राखले तर धरणांत पाणी भरतें, न राखले तर गाळ भरतो. तीं गांवें आपल्याकडून कधीं आभाराचें एक पत्रही पावलेलीं नाहींत. शिवाय उन्हाळा आला कीं आपल्या गृहसंस्थांतून कूपनलिका खणल्या जातात. एकीची दोनशें फूट, तर शेजारची तीनशें. चाळीस हेक्टरांचा जो हिशेब मघाशीं सांगितला तोच येथें मजल्यांवर लागूं पडतो. कारण पुण्याच्या पायांखालींही तोच काळा पाषाण आहे. आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेंत जमाखर्चाबरोबर पाण्याचाही ताळेबंद मांडतां येणार नाहीं काय? छपरावर किती पडलें, किती मुरविलें, किती उपसलें, हे तीनच रकाने पुरेत. संस्थेंत एखादे निवृत्त अभियंते, एखादी भूगोलाची अध्यापिका असतेच. त्यांना बोलवावें, आणि जिनें रोज पाणी भरलें त्या मोलकरणीलाही विचारावें. नळाला पाणी किती वाजतां येतें आणि किती वाजतां जातें, हें तिच्याइतकें अचूक कोणाला ठाऊक असणार?

ज्यांच्यापाशीं एखादी विद्या आहे, मग ती मोजणीची असो, हिशेबाची असो, कायद्याची असो वा वैद्यकाची असो, त्यांनीं वर्षांतले कांहीं दिवस एखाद्या गांवाला द्यावेत, असें मला सुचवावेंसें वाटतें. मात्र जातांना तयार उत्तर घेऊन जाऊं नये. पहिले दोन दिवस ओढा कोठून येतो, पूर कोठपर्यंत चढतो, कोणती विहीर चैत्रांत आटते, हें गांवच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घ्यावें. आणि गांवकऱ्यांनींही, आलेला माणूस शिकलेला आहे म्हणून मान डोलवूं नये आणि परका आहे म्हणून त्याला हांकलूंही नये. त्याला डोंगरावर न्यावें, दाखवावें, आणि त्याचें म्हणणें आपल्या जमिनीवर घासून पाहावें.

खडकाच्या पोटांतलें पाणी कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीं. तज्ज्ञ तें मोजून सांगूं शकतो, आणि गांव तें वांटून घेऊं शकतें. मोजल्यावांचून वांटणी आंधळी होते, आणि वांटल्यावांचून मोजणी वांझ राहते. माती, पाणी आणि मुके जीव यांना स्वतःची बाजू मांडतां येत नाहीं; ती मांडावयास हे दोन साक्षीदार एकमेकांजवळ उभे राहिले पाहिजेत. ते आपल्या घराजवळ, आपल्या संस्थेंत, आपल्या मूळ गांवीं कोठें उभे राहूं शकतील, याचा विचार आपण प्रत्येकानें करावा अशी विनंति करून मी आपली रजा घेतों.